रकाना सात

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
पायलट पिठावाला सांगतो,
फवारताना वारा ताशी नऊ, वहीत नोंद आहे.
विमा कंपनी म्हणते, औषध मळेवाल्याने कालवलं.
मळेवाला म्हणतो, सही ठेकेदाराची.
ठेकेदार गैरहजर,
त्याचे वकील बिस्किट बुडवतायत चहात.

बांधापलीकडच्या द्रौपदा शेळकंदे
पुरावा घेऊन आल्यात :
बरणीभर मेलेल्या मधमाश्या.
झाकणाला अजून लोणच्याचा वास.

मी टायपिस्ट. विचारलं,
मोजून लिहू का अंदाजे?
साहेब म्हणाले,
रकाना सातमध्ये निरंक टाका.

दुपारी गोदीकडून वारा सुटला.
ताशी किती, कुणी नोंदलं नाही.
टेबलावरचे कागद उडाले,
ज्याने त्याने आपापला धरला.
बाईंनी बरणीवर हात ठेवला.