गढूळ झालं तर कळवा

राज्याच्या नकाशावर धरणं म्हणजे निळ्या टाचण्या.
मिशिगनच्या वरच्या अंगाला आम्ही दोघं:
मी, आणि ऑस्कर, ज्याचा गुडघा आता उतार चढत नाही.
मोठ्या धरणांना कुंपण असतं, कॅमेरे असतात,
कुणीतरी येऊन फीत कापून गेलेलं असतं.
माझ्या वाट्याला येतात ते मातीचे बांध,
ओंडके तरंगवायला घाईघाईनं घातलेले.
त्यांचं काम शंभर वर्षांपूर्वी संपलं,
पण ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून
अजून पाणी धरून उभे आहेत.

अर्जावर रकाने असतात.
सांडवा: फांद्यांनी बुजलेला.
भराव: वर बर्चची झाडं, काही मनगटाएवढी, काही मांडीएवढी.
बिळं: सात, मस्करॅटची.
मालक: मयत.
मालक: कंपनी बुडाली.
मालक: तळ्याकाठचे चौदा जण, एकमेकांशी बोलत नाहीत.
स्थिती: बरी, मध्यम, वाईट.
'वाईट' लिहायला काही जास्त शाई लागत नाही.
पत्र जातं. उत्तर येत नाही.
पुढच्या खेपेला पुन्हा 'वाईट',
अक्षर तेवढं माझं जरा बिघडलेलं.

हिल्या टेर्व्होच्या तळ्यावर मी गेले त्याला नऊ वर्षं झाली.
सौना पेटलेली होती, अंगणभर धूर.
बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढा पाझर.
गळतंय म्हणजे फुटणार का, तिनं विचारलं.
मी म्हणाले, मातीचं धरण पाझरतंच, बाई.
नितळ आहे तोवर ते नुसतं पाणी.
गढूळ आलं की समजा धरणच चाललंय,
चमचा चमचा करत.
गढूळ झालं तर कळवा.
आणि कार्ड ठेवून मी पुढच्या टाचणीकडे निघाले.

नंतर यादी वाढली, माणसं घटली,
तिचा नंबर मागे मागे सरकत गेला.

या एप्रिलात, बर्फ उतरताना, फोन:
"तुम्ही म्हणाला होतात कळवा.
म्हणून कळवतेय."

खिडकीत, फळीवर, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर
जॅमच्या बरण्या.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
दर रविवारी एक. नऊ वर्षं.
एखादीवर तारखेखाली दोन शब्द:
'उणे तीस'. 'एइनो गेला'.
त्याही रविवारी ती बांध उतरून गेली होती.

मी एकेक बरणी उजेडात धरली.
पाणी, पाणी, पाणी,
इतकं नितळ की बरणी रिकामी वाटावी.
मग फेब्रुवारीत तळाशी एक रेघ.
मार्चमध्ये नखभर.
परवाची बरणी दुधाच्या चहासारखी.
आमच्या सगळ्या कपाटांत मिळून
एकाही धरणाची अशी नोंद नाही.

संध्याकाळी पंप आले. तळं उतरायला चार दिवस लागले.
खाली वळणावर सहा घरं आणि एक बालवाडी;
त्यांना चार दिवस नदी जरा भरल्यासारखी वाटली, एवढंच.
न फुटलेल्या धरणाची बातमी होत नाही.

चिखलात बुंधे दिसू लागले, करवतीचे, काळे,
आणि उलटी पडलेली एक होडी.
"ही आमची नव्हे," हिल्या म्हणाली,
आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिली.
मग अंगणात बसून बरण्या ओतायला लागली.
यंदा ब्लूबेरी बरी येईल म्हणे.
ओतता ओतता, मान वर न करता,
"बाकीच्या तळ्यांवर कोण भरतं?"

शेवटची बरणी तिनं मला दिली.
ती आता माझ्या टेबलावर आहे.
माती खाली बसली,
वरचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं.
खात्यातून कुणी बघायला आलं
तर हातात देण्याआधी
मी ती हलवते.