नदीकडचा तुकडा

तिकीट सात युरो, चहा वेगळा.
"पाय पुसा," डिंपना म्हणते,
"गालिचा अजून लॉर्डसाहेबांचाच आहे."

बावीस खोल्या. विझलेल्या शेकोट्या,
तैलचित्रातल्या बाईच्या नाकावर ओल.
मी खिडकीतून भिंत बघत राहतो,
इस्टेटीभोवती साडेतीन मैल.

"दुष्काळात बांधली.
दिवसभराच्या दगडांना एक वाडगं लापशी.
नदीकडचा तुकडा आमचा."
आणि 'आमचा' म्हणताना
किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात.

बसला अवकाश होता, नदीकडे गेलो.
शेवाळ. गुडघ्याच्या उंचीवर एक दगड
चार बोटं बाहेर आलेला,
वर दुसरा, जरा उजवीकडे,
झिजून गुळगुळीत.
डिंपनाचा फिंटन त्यांवर पाय देत
माझ्यादेखत आत उतरला,
खिसे फुगवून परत आला.
एक सफरचंद मला दिलं.
आंबट.