आपलं सहज

मरोळच्या म्युनिसिपल शाळेत, तिसरीच्या बाकांवर
गुडघे आडवे घालून बसलेली मोठी माणसं.
गुरुवार, रात्रीचे साडेआठ.
फळ्यावर दिवसाच्या बाईंचा पालेभाज्यांचा तक्ता.
मी अर्धाच पुसला,
मेथी आणि चाकवताच्या बाजूला लिहिलं:
माय. माइन.

"माय म्हणजे आई?" मागून इस्माईल.
हशा. मीही हसलो, मग म्हटलं, तसंच धरा.
ही माय कधी मोकळी नसते,
कडेवर एखादं नाम घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.
माय बॅग. माय चावी. माय पगार.
आणि माइन?
तिच्या कडेवर कुणी नाही.
वाक्याच्या शेवटी येते
आणि पाय पसरून बसते.

शेवंता धोत्रे लिहून घेत होती.
ती विमानतळावर फरशी पुसते.
प्रवाशाचं काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही,
फक्त विचारायचं, इज धिस युअर्स?
शेवटचा स दर वेळी तिच्या जिभेवरून घसरतो,
ती वाकून उचलते, पुन्हा लावते.

"पण सर, बॅग तुझी, पासपोर्ट तुझा, तिकीट तुझं,
आणि इथं सगळ्यांना एकच युअर्स?"
सगळ्यांना एकच.
इंग्रजी वस्तूचं तोंड बघत नाही,
मालक बाई की बुवा, तेवढंच बघते. हिज. हर्स.
आपण मालकालाही विचारतो, वस्तूलाही:
त्याची पिशवी, तिचा डबा.
"म्हणजे वस्तूला मान नाही," पाटणकर वॉचमन म्हणाले
आणि आपली टोपी बाकावर सरळ करून ठेवली.

हर्सच्या डोक्यावर कुणीतरी स्वल्पविराम टांगला होता.
तो काढा, म्हटलं.
आधीच मालकीचं आहे, त्याला वर कुलूप कशाला?

मग अवर्स.
मी अक्षरं पुरी करायच्या आत
"आमचं की आपलं?"
दोन्ही, शेवंताबाई.
"दोन्ही कसं? आमची खोली म्हटलं की तुम्ही बाहेर.
आपली खोली म्हटलं की तुम्ही आत.
तो बिल्डर मीटिंगला आला तेव्हा आपली बिल्डिंग म्हणाला,
सह्या झाल्यावर आमची म्हणायला लागला,
तेव्हा तरी कळलं.
इंग्रजीत दारात उभ्या माणसाला कसं कळायचं,
आत बोलावलंय की नाही?"

पुस्तकात तीन तक्ते होते.
मी तिन्ही बघितले.
पंखा तेवढा बोलत होता.

पुढच्या गुरुवारी वह्या तपासल्या.
इस्माईलनं शिलाई मशीन तीनदा माइन केलं होतं,
पाटणकरांनी गेट देअर्स.
शेवंताचं पाचवं वाक्य:
व्हेन फ्लोअर इज वेट, फ्लोअर इज माइन.
मी लाल पेननं दोन ठिकाणी द घातला.
बाकी हात लावावा असं काही नव्हतं.

कसं सुचलं, विचारलं.
"पिवळी पाटी ठेवली ना सर, की कुणी पाय ठेवत नाही.
कोटवाले साहेबसुद्धा वळसा घालून जातात.
दहा मिनिटं. एसी जोरात असला तर सात.
मग सुकते."

आणि ते आमचं-आपलं, मी म्हटलं,
ते कशासाठी विचारलं होतंत?
त्यांच्या गल्लीत भाड्याचे चेक आलेत, काहींचे नाही,
हे मला पाटणकरांकडून कळलं होतं.
तिनं वही पिशवीत घातली, पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला.
"काही नाही हो," म्हणाली,
"आपलं सहज."

सगळे गेले. दिवा घालवायचा होता.
हातात खडू तसाच.
हे आपलं कुणाचं,
कुठल्या रकान्यात लिहायचं, कळेना.
चाकवताच्या खाली थोडी जागा होती,
तिथं लिहिलं.