इकडे

डोळे मिटा, माख्टेल्ड बाई म्हणाल्या.
मी मिटले.
बाहेर ग्रोनिंगनचा राखी मार्च,
कुणाची तरी सायकल साखळी करकरवत गेली.
कागद अंथरलेल्या पलंगावर मी, चौतीस वर्षांचा,
कमरेखाली उघडा,
आणि त्यांच्या चिमटीत
डुकराच्या केसाएवढा नायलॉनचा धागा.

लागलं की सांगा, वीब्रेन. कुठे लागलं, तेही.

आमच्या घरी त्या अवयवाला नाव नव्हतं.
आई म्हणे, तिकडचं.
तिकडचं धुतलंस का?
मी खाली बघत बघत धुवायचो,
शेजाऱ्यांचं भांडं विसळावं तसं,
जपून,
आणि आपलं नव्हे म्हणून थोडं घाईने.

जन्मताना माझा कणा तळाशी मिटायचा राहिला.
त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या छिद्रातून
ज्या चेता निघतात,
बैठकीच्या हाडाला लगटून पुढे येतात
आणि शिश्नाच्या पाठीवरून थेट टोकापर्यंत
बारीक बारीक फुटव्यांनी उलगडतात,
त्या माझ्यातही होत्या.
वर निरोप घ्यायला कुणी नव्हतं, एवढंच.
डॉक्टरांनी चित्रातल्या माणसावर
खोगिराएवढा भाग पेन्सिलीने काळा केला.
मी घोड्यावर कधी बसलेलो नाही.

जांघेतली चेता मात्र शाबूत,
तिचं मूळ फटीच्या वर.
तीच कापून, सूक्ष्मदर्शकाखाली,
पापणीच्या केसाहून बारीक दोऱ्याने
त्या मुक्या पृष्ठचेतेला जोडली, उजव्या बाजूने.
जांघ तेवढ्यापुरती बधिर होईल, त्यांनी आधीच सांगितलं. चालेल ना?
मला हसूच आलं.
आयुष्यभर मी बधिरपणाशीच तर घासाघीस केली.

चेता दिवसाला एक मिलिमीटर सरकते म्हणे.
मी पूल उघडत राहिलो.

स्नेकच्या पलीकडे माझा पूल आहे.
बोट आली की खुर्ची कठड्याशी लावायची
आणि गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट
तिच्यापुढे सोडायचा. त्यात पैसे टाकतात.
नाणं पडतं दोन पुरुष लांब,
वजन कळतं मुठीत.
पहिल्या वर्षी मुठीतच कळायचं.
मग कधीतरी, कुठल्या उन्हाळ्यात कोण जाणे,
ते बुटात कळू लागलं.
युरो आहे की कुण्या पोराने टाकलेलं बटण,
तिथल्या तिथे.

आठव्या महिन्यात धागा टेकला
आणि मी म्हणालो, लागलं.
कुठे?
जांघेत.
बाईंनी लिहून घेतलं. चूक आहे असं म्हणाल्या नाहीत.
मेंदूला अजून जुनाच पत्ता पाठ आहे, म्हणाल्या,
त्याला वेळ द्या.

हा पंधरावा महिना.

धागा टेकला.
आधी जांघ, सवयीने,
आणि लगेच, जांघ पुरती संपायच्या आत,
एक टोक.
सुख वगैरे नाही. पुस्तकात असतं तसं काहीच नाही.
ओल्या हाताला पीठ लागावं, एवढंच,
पण अशा ठिकाणी
जिथे मी चौतीस वर्षं गेलोच नव्हतो.
कुठे? बाईंनी विचारलं.
शब्द येईना.
तोंडात आईचाच होता, तो निम्म्यात मोडला.
इकडे, मी म्हणालो.

आणि आता?
आता काही नाही.
ती डावी बाजू होती. ती अजून गप्पच आहे,
कदाचित कायमची. तेही त्यांनी लिहिलं.
मग कपडे घाला म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

स्टेशनवर आईचा फोन.
काय म्हणाले डॉक्टर?
बरं आहे म्हणाले.
ती थांबली. मीही. मालगाडी गेली एक.
थंडी आहे का रे तिकडे?
फलाटावर समुद्राकडचा वारा सुटला होता,
पँटचं कापड पातळ.
मी मांडीवरची पिशवी थोडी बाजूला सारली.
आहे, म्हणालो,
इकडे थोडी आहे.