समकक्ष

फॉर्मवर तीन रकाने आहेत.
तुमचा विषय. आमचा विषय.
तिसरा अरुंद, होय किंवा नाही, एवढंच मावेल असा.

मी बसलेय कोपरखैरण्याला,
महापालिकेच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर.
इथे सकाळी पाढे असतात आणि संध्याकाळी आमचं कम्युनिटी कॉलेज.
बाक चौथीच्या पोरांचे, गुडघे आत जात नाहीत.
दोन वर्षं मी तिरकी बसूनच शिकले
प्लाझ्मा म्हणजे काय, सीरम म्हणजे काय.
भोपी सर म्हणायचे, फरक एका गुठळीचा.

इंग्रजी संभाषण: होय.
मूलभूत रसायन: होय.
संगणक ओळख: होय, पण चारातले दोनच क्रेडिट.
जीवशास्त्र एक आणि दोन: होय, होय.
रक्तनमुना संकलन, प्रात्यक्षिक, चौदा क्रेडिट:
नाही.
विद्यापीठात असा विषयच नाही.

पेन्सिलीनं लिहिलंय ते, बारीक,
कुणाला वाईट वाटू नये अशा अक्षरात.

मग दिवाळ्याच्या तांडेल आजोबांचा हात
मी कुठल्या रकान्यात लिहू?
तीन सेंटरांतून परत पाठवलेला,
सुक्या बोंबलासारखा वाळलेला हात,
टोचून टोचून काळानिळा.
मी दिवा नीट केला आणि मग डोळेच मिटले.
बोटानं चाचपत गेले कोपरापासून खाली.
मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या अंगाला,
जाळ्यात दोरी हलावी तसं काहीतरी हललं.
एकदाच टोचलं.
आजोबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले,
"झाला पन?"

बावन्नातले छत्तीस धरले.
ठीक आहे, छत्तीस म्हणजे काही शून्य नाही.

पुढचं पान: शिक्षणात खंड असल्यास कारण,
एका ओळीत.
बारावीनंतर सात वर्षं.
यासाठी प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, एक वकील म्हणाला.
दुसरा म्हणाला, अजिबात नाही.
दोघांनीही पैसे घेतले.

रबाळ्याच्या कंपनीतली रात्रपाळी, खोक्यांवर चिकटवलेली लेबलं.
बाबांचं डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार,
आणि त्या खुर्चीशेजारचं माझं प्लॅस्टिकचं स्टूल.
(सुई कशी धरतात ते मी तिथंच पाहिलं पहिल्यांदा.)
एक लग्न, अकरा महिन्यांचं.
मी लिहिलं: घरगुती.
हा शब्द मी सिलिंडरवरही वाचलाय.

आईला सांगितलं, मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं.
ती कोळंबी सोलत होती.
"म्हंजे? खाडीन ती गुलाबी पाखरा येतात, त्यांचा असतंय तसा कं?"
हो, तसंच काहीतरी.
"मंग ती परत जातात ना गो."
मी म्हटलं, अगं, विद्यापीठ पुलापलीकडे आहे, दीड तास फार तर,
संध्याकाळी घरीच असेन.
ती काही बोलली नाही.
पुढची कोळंबी सोलायला जरा जास्तच वेळ लागला तिला.

भोपी सरांनी शिफारसपत्र हातानं लिहिलं, कारण प्रिंटर बंद.
शिक्का सुकला होता. त्यावर त्यांनी हा करून वाफ दिली,
चष्म्याला देतात तशी, आणि दाबला.
अर्धाच उठला.
"चालेल," म्हणाले, "वाचता येतंय की."

उद्या साडेसहाला सेंटर उघडायचंय,
नऊ जण उपाशीपोटी येणार आहेत.
त्यांना हातात चिठ्ठी देऊन मग दहापर्यंत
विद्यापीठाच्या आठ नंबरच्या खिडकीपुढे.

फाईल बांधताना बाकाच्या कप्प्यात
हाताला एक खोडरबर लागलं,
चौथीतल्या कुणाचं तरी, कोपरे चावलेलं,
वर निळ्या पेनानं कोरलेलं नाव: रिद्धेश.
पेन्सिलीचं ते 'नाही' अजून समोरच होतं.

मी खोडरबराचा वास घेतला.
परत ठेवलं, होतं तिथेच,
सकाळी त्याला लागेल.