यात काय काय धरलंय

पोवई नाक्याला, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिना लोखंडी, अरुंद.
तो चढून ज्याला धाप लागते
त्याला बाबर सर आधी पाणी देतात, मग फॉर्म.

यादी मी टाइप करते. अकरा वर्षं झाली.
दोघांत एक तंबू. उणे पंधराची झोपायची पिशवी.
तीन वेळचं जेवण, चारचा चहा, सोबत काहीतरी तळलेलं.
वाटाड्या, आचारी, खेचरं, परवाना, दोर.
ऑक्सिजनचं नळकांडं एक, सगळ्यांत मिळून,
आणि संध्याकाळी बोटाला लावायचा तो चिमटा
जो रक्तातली हवा मोजतो.
खाली दुसरा रकाना: यात धरलेलं नाही.
मनालीपर्यंतचं भाडं. विमा. स्वतःच्या सॅकसाठी खेचर.
दरड कोसळली तर जादा मुक्काम.
शेवटी माझं लाडकं वाक्य, कुठल्याशा जुन्या पत्रकातून आलेलं:
वर जे लिहिलेलं नाही ते सगळं.

मी स्वतः कासच्या वर गेलेली नाही.
तेही गाडीनं.

इंदुमती फडतरे मार्चमध्ये आल्या.
सिव्हिलला चौतीस वर्षं नर्स, आता रिटायर.
पायात मुलाचे जुने बूट, आत दोन-दोन मोजे.
रोज पहाटे अजिंक्यतारा, पाठीवर सात किलो ज्वारी.
ज्वारीच का, मी विचारलं.
"उतरताना गिरणी लागते."

यादी त्यांनी वाचली
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तशी.
"यात उतरणं धरलंय का?"
आठवा दिवस, म्हटलं, शिखर आणि परत बेस कॅम्प.
"तसं नाही," म्हणाल्या,
आणि पहिला हप्ता मोजायला लागल्या, रबरातल्या नोटा.

सप्टेंबरात पुन्हा जिना वाजला.
नाकाचं सालपट निघालेलं, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.
सर उठून उभे राहिले: "झालं शिखर?"
"दोनशे मीटर राहिलं."
एसटी चुकल्याचं सांगावं तसं.

रात्री एकला निघालेले. उजाडता उजाडता
इस्लामपूरचा एक पोरगा
विनोद सांगायचा थांबला.
एवढंच. बाकी कुणाला काही वेगळं वाटलं नाही.
ह्यांनी त्याचा हातमोजा काढला, बॅटरीत नखं पाहिली,
जांभळं खाल्ल्यासारखी.
चिमटा म्हणाला अठ्ठावन्न.
पोरगा म्हणत होता, पैसे भरलेत मी.
वाटाड्या, नोर्बू त्याचं नाव,
एकदा वर बघायचा, एकदा खाली.
वर आठ जण. इथं एक.
आणि दुसरा वाटाड्या नाही. यादीत एकच होता.

हो, एकच होता. मीच टाइप केलेला.

मग ह्या उतरल्या. ह्या, पोरगा,
आणि चहाचा थर्मास घेऊन आलेला आचाऱ्याचा मदतनीस.
तो कुठल्याच रकान्यात नव्हता.
त्यानं पोराची सॅक पुढं घेतली, स्वतःची मागं,
आणि तीन तास शीळ घालत राहिला,
धुक्यात आवाज धरून चालता यावं म्हणून.
"कसली चाल नव्हती हो. नुसती शीळ.
नाव विचारायचं राहिलं बघा."

पेढे पोराच्या वडिलांनी दिलेले.
सरांनी घसा खाकरून रिफंडचं काढलं.
"कशाचा? जेवण उत्तम होतं."

सगळे गेल्यावर पुढच्या वर्षीची यादी उघडली.
वाटाडे, एकाचे दोन केले. दर वाढेल, सर ओरडतील.
खाली लिहिलं, शीळ. खोडलं.
लिहिलं, उतरणं.
कर्सर लुकलुकत राहिला.
कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना,
म्हणून पेढा खाल्ला, उरलेला,
आणि दिवे मालवले.

जिना अकरा वर्षांचा ओळखीचा.
आज कठडा धरून उतरले. बावीस पायऱ्या.