सरावाची पेशंट

परळला, पाचव्या मजल्यावर, लेक्चर हॉल दोनमध्ये
आम्ही दर मार्चला एक गाव मांडतो.
पंखे बंद. प्रोजेक्टरवर चादर.
एक खुर्ची, तिचा एक पाय मी मुद्दाम तोकडा ठेवलाय,
एक बाक,
बाकावर सोनूबाई वांगड, वॉर्ड बाराची आया, मूळची मोखाड्याकडची.
तासाचे दीडशे. व्हाउचरवर सही करते, सावकाश, पूर्ण नाव.

मी सांगेन तशी ती आजारी पडते.
सोमवारी विंचू चावला.
काल आठवा महिना, पाय सुजलेले, नवरा वीटभट्टीवर.
आज मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली उशी:
नऊ महिन्यांचा मुलगा.

"पोऱ्याचा पोट उडतंय," ती म्हणते.

ऋत्विज पुढे होतो. दोन विषयांत डिस्टिंक्शन.
हात चोळून गरम करतो (हे मी शिकवलंय)
आणि उशीचं पोट तपासतो,
हलक्या बोटांनी, चारी कोपरे, पुस्तकातल्यासारखं.
शी कशी होते? उलटी? जंत पडले होते?
सोनूबाई पदर तोंडाशी धरून बसलेली.
तो पुन्हा विचारतो, जरा मोठ्यानं,
जणू तिला ऐकूच येत नाहीये.
मी घड्याळ बघते.
सहाव्या मिनिटाला सांगते, बाळ गेलं.

कुणीतरी हसतं. मग कुणीच नाही.

अरे, पोट उडतंय म्हणजे पोट नव्हे.
श्वास. बरगड्यांखाली खळगा पडतोय,
छाती पुरत नाही म्हणून पोट धावतंय.
तिनं तुला निदान सांगितलं,
आणि तू तिला जंत विचारत बसलास.

वह्या काढा.
टाळू बसली. अंगावरून जातं. जीव घाबरा होतो.
ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी.
उभ्यानं विचारू नका, उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही.
गोळी जेवणानंतर, असं म्हणण्याआधी विचारा
घरी जेवण किती वेळा होतं.

फरहीन विचारते, मॅडम, 'सलतं'ला केसपेपरवर काय लिहायचं?
सलतं, असंच लिही.

मग मागच्या बाकावरून ग्लॅडसन, अगदी साधेपणानं:
मॅडम, तुम्ही किती वर्षं होता तिकडे?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरं आहेत.
काही काळ. बऱ्यापैकी. त्या वेळी रस्ते नव्हते रे.
मी त्यातलं एक निवडत असताना
उशी थोपटत सोनूबाई म्हणते,
"चार महिने. जूनला आल्या, दसऱ्याच्या आत गेल्या."

तिला कसं ठाऊक, मी विचारलं नाही.
आजवर नाही.

बाँडचे पैसे बाबांनी एफडी मोडून भरले.
क्वार्टरच्या दाराला कडी नव्हती, असं मी लोकांना सांगते.
कडी होती.
ऑगस्टमधल्या एका रात्री मी आतून ती लावून बसले होते,
कारण संध्याकाळी एक बाई नदी ओलांडून आली होती,
हेच दोन शब्द घेऊन,
आणि मीही पोटच तपासलं होतं.
हात चोळून, गरम करून.
उशीचं नव्हे.

हे मी वर्गाला सांगितलं नाही.
म्हणाले, चार महिने, बरोबर आहे.
पुढचा रोल नंबर.
फरहीन येऊन खुर्चीत बसली, खुर्ची कलली,
तिनं ती बाजूला सारली
आणि बाकावर, सोनूबाईच्या शेजारी बसली.
काही विचारलं नाही. टॉवेल थोडा दूर करून
नुसती बघत राहिली, पूर्ण एक मिनिट,
उशी श्वास घेत असल्यासारखी.

तास संपला. पंखे लागले.
सोनूबाईनं उशीला वॉर्डाचा अभ्रा परत चढवला,
सही केली, पेन टोपण लावून दिलं.

"उद्या कुठला दुखना आणू, मॅडम?"